फिल्बीला पानभर जागा आणि नूरला एक ओळ?

मा. संपादक,
स. न.

मागच्या रविवारच्या पुरवणीत लंडनच्या सेंट अर्मिन्स हॉटेलवर लेख आला होता तो मी कापून ठेवलाय, कारण मी स्वतः वाशीच्या एका हॉटेलात बावीस वर्षं फ्रंट ऑफिसला काढली, त्यातली निम्मी नाइट ड्युटी. लेख आवडला. पण सगळा लेख किम फिल्बीवर, म्हणजे ब्रिटिश हेरखात्यात राहून रशियासाठी काम करणाऱ्या माणसावर, आणि नूर इनायत खान शेवटच्या एका ओळीत, तेही "भारतीय वंशाची हेर" एवढंच, हे काही मनाला पटलं नाही म्हणून लिहितोय.

हेरांना हॉटेल का लागतं ते आमच्या धंद्यातला कोणीही सांगेल. लॉबीत कोण किती वेळ बसलंय, कोणाची वाट बघतंय हे कोणी विचारत नाही, आणि दोन अनोळखी माणसं चहा घेत बोलतायत यात कोणाला काही वावगं दिसत नाही. त्यात सेंट अर्मिन्स एमआय-सिक्सच्या, म्हणजे ब्रिटनच्या परदेशातल्या हेरगिरी खात्याच्या, ऑफिसपासून अगदी जवळ. 1940 मध्ये वरच्या मजल्यांवर त्यांच्या घातपात विभागाची माणसं बसायची आणि त्याच वर्षी शत्रूच्या मुलखात गुप्तपणे घातपात करणारी जी एसओई नावाची संघटना निघाली तिचीही सुरुवात याच हॉटेलातल्या खोल्यांतून झाली. फिल्बीचा या खात्यातल्या नोकरीचा इंटरव्ह्यू इथलाच, आणि दुसऱ्या भेटीला त्याचा मित्र गाय बर्जेस इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाईंच्या बाजूला बसलेला, म्हणजे घेणाऱ्यांत एक रशियाचा हेर आणि समोर दुसरा! चौकशी काय झाली तर रेकॉर्डवर विरोधात काही नाही आणि घरचे लोक ओळखीचे आहेत, बस्स. वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले, मुलगा अंबाल्यात जन्मलेला. 1944 मध्ये याच माणसाला रशियाविरोधी विभागाचा प्रमुख केला, युद्धानंतरची कितीतरी वर्षं सगळं मॉस्कोला पोचत राहिलं आणि 1963 मध्ये तो बैरूतहून तिकडेच पळाला.

आता नूर. वडील बडोद्याचे, गायकवाडांच्या राज्यातल्या गवयांच्या घराण्यातले, आणि आजीकडून नातं थेट टिपू सुलतानशी. एसओईसाठी तिचाही इंटरव्ह्यू हॉटेलातच झाला, नोव्हेंबर 1942, लंडनचं हॉटेल व्हिक्टोरिया, जे तेव्हा सरकारने ताब्यात घेतलं होतं. खोलीत स्वयंपाकघरातलं एक टेबल आणि दोन खुर्च्या, बाकी काही नाही. समोरच्याने सांगितलं की पकडली गेलीस तर मरण आहे, आणि ती हो म्हणाली. ट्रेनिंगवाल्यांनी मात्र रिपोर्टमध्ये लिहिलं की हिला बुद्धी बेताचीच. जून 1943 मध्ये ती जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरली, काही दिवसांत सोबतचे एकेक पकडले गेले, लंडनने परत ये म्हटलं तर गेली नाही, जड वायरलेस सेट घेऊन या घरातून त्या घरात फिरत मेसेज पाठवत राहिली. ऑक्टोबरमध्ये फितुरी झाली आणि ती पकडली गेली. जर्मनीच्या तुरुंगात दहा महिने साखळदंडात, आणि 13 सप्टेंबर 1944 ला डाखाऊच्या छळछावणीत गोळी घातली. वय 30.

माझ्या हातून झालेलं एक सांगतो. एकदा रात्री दोनला सुटाबुटातला एक गृहस्थ आला, फाडफाड इंग्रजी, आमच्या साहेबांचं नाव घेतलं, मी ॲडव्हान्स न घेता चावी दिली आणि तिसऱ्या दिवशी तो बिल न भरता पसार झाला. त्याच आठवड्यात परीक्षेला आलेली एक मुलगी होती, साधा ड्रेस, हातात कापडी पिशवी, आयडी, हॉल तिकीट सगळं बरोबर, तिला मी पाऊण तास लॉबीतल्या सोफ्यावर बसवून ठेवलं होतं. तिची ती मांडीवर घट्ट धरलेली पिशवी अजून डोळ्यासमोर येते, आणि तुमचा लेख वाचताना तीच आठवली.

ब्रिटनने नूरला 1949 मध्ये जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिलं, लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये 2012 पासून तिचा पुतळा आहे, 2020 मध्ये ती राहायची त्या घराला तिच्या स्मरणाची निळी पाटी लागली. बडोद्याच्या गवयांची ही नात मराठी वाचकांना नीट माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं. येत्या 13 सप्टेंबरला तिच्यावर लेख छापा, अर्धं पान दिलंत तरी चालेल, फोटो मात्र मोठा टाका आणि हॉटेल व्हिक्टोरियातल्या त्या टेबलाचा उल्लेख गाळू नका.

– आपला एक जुना वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)