मिसळल्यावरही द्वेष सुटला नाही

महोदय,

ज्यूंचा विषय निघाला की ‘ते समाजात मिसळले नाहीत, म्हणून त्यांचा द्वेष झाला’ असे सर्रास म्हटले जाते. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्याचा एक पुरावा गोव्यातच आहे.

स्पेनमध्ये १३९१च्या दंगलींनंतर हजारो ज्यू ख्रिस्ती झाले. त्यांना मोठी पदे मिळू लागली, तशी पोटदुखी वाढली. १४४९मध्ये टोलेडोत ज्यू वंशाच्या ख्रिस्ती माणसांनाही सार्वजनिक पदे बंद झाली. पुढे ‘रक्तशुद्धी’ सिद्ध करायला वंशावळ द्यावी लागे, मूळ गावी साक्षी घेतल्या जात. पोर्तुगालने १४९७मध्ये सक्तीने बाटवलेल्यांनाही ‘नवे ख्रिस्ती’ म्हणून वेगळेच ठेवले. १५६०मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, गोव्यात आले. शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, धुतलेले कपडे घातले, डुकराचे मांस टाळले, एवढे संशयाला पुरे होई. गोव्यात १५६३मध्ये औषधींवरचा ग्रंथ छापणारे, ‘नव्या ख्रिस्ती’ घराण्यातले वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या बहिणीला १५६९मध्ये जाळले. त्यांच्या स्वतःच्या अस्थी १५८०मध्ये उकरून जाळल्या.

जर्मनीतही तेच. १८७१पर्यंत समान हक्क मिळाले आणि १८७९मध्येच ज्यूविरोधी संघटना उभी राहिली. पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख जर्मन ज्यू सैन्यात होते, तरी ते लढाई टाळतात या संशयाने १९१६मध्ये लष्कराने त्यांची वेगळी मोजणी केली. नाझींच्या १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांत तर तीन आजी-आजोबा ज्यू धर्माचे असले की माणूस ज्यू ठरे, मग तो स्वतः जन्मापासून ख्रिस्ती का असेना. वंश ओळखणारी शास्त्रीय कसोटी अस्तित्वातच नव्हती. म्हणून चर्चची बाप्तिस्म्याची दप्तरे चाळली गेली.

याउलट कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल. शनिवारी तेलाचा घाणा बंद, मुलांची सुंता, आणि भाषा मराठी, आडनावे पेणकर, रोहेकर. ‘शनिवार तेली’ म्हणून त्यांचे वेगळेपण गावाला ठाऊक होते, पण त्यापायी छळ झाला नाही. याचे सारे श्रेय आपल्या सहिष्णुतेला देणे मला पटत नाही. जातीजातींच्या समाजात वेगळ्या चालीरीतींचे नवल नव्हते, एवढेच. शिवाय येशूच्या मृत्यूचे खापर ज्यूंवर फोडणारी शिकवण इथे नव्हती. युरोपात कारागिरांच्या संघांची दारे बंद असल्याने अनेक ज्यू सावकारीत ढकलले गेले. राजा त्यांच्याकडून कर उकळी आणि कर्जदारांचा राग मात्र त्यांच्यावर निघे. कोकणातल्या तेल्यावर ती पाळी आली नाही.

मिसळण्याचा सल्ला देणाऱ्यांनी या कारणांकडे आधी पाहावे.

— एक वाचक, अलिबाग