दीड इंची भोकापायी: मेस्तकाकांना आभाराचं पत्र

आदरणीय मेस्तकाका,
सप्रेम नमस्कार.

चवथ झाली, होडी मांडवी नदीत उतरली, तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात आहे. मोबाईलवर एवढं लांबलचक तुम्ही वाचणार नाही, सूनबाई वाचून दाखवतील. जुन्या शिडाच्या होड्या सांभाळणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून उघडपणेच लिहितो.

बोलावलं होतं ते एक कॉक, म्हणजे पाणी अडवायची तोटी, बदलायला. संडासाच्या पाइपाचा, पाणरेषेखालचा. फिरेना, एवढीच तक्रार. तुम्ही चाकूच्या टोकानं खरवडलंत, तर आत पिवळ्याऐवजी गुलाबी रंग. कधीकाळी कोणी तरी ब्राँझऐवजी साधं पितळ बसवलेलं. ‘यातलं जस्त खाऱ्या पाण्यानं खाल्लं, उरलंय ते तांब्याचं जाळं,’ म्हणालात, आणि पान्याचा हलका टोला बसताच कॉकखालच्या, होडीच्या तळातून आरपार गेलेल्या फिटिंगची कड बिस्किटासारखी तुटून हातात आली. पाण्याखाली दोन फुटांवर दीड इंचाचं भोक उघडं पडलं, तर मिनिटाला सव्वाशे-दीडशे लिटर पाणी आत येतं. रात्री नांगरावर झोपलेल्या माणसाला ते कळणार कधी?

नवा कॉक मी आणून ठेवलाच होता. तुम्ही आटे मोजलेत. होडी अमेरिकी बनावटीची, तिच्या फिटिंगला इंचात साडेअकरा आटे, आपल्या नळसामानात 11. दोन फेरे गोडीनं बसतं, मग अडतं. पुढे जोर लावला की आटे गेले. ‘हें चलचें ना,’ एवढंच बोललात. फिटिंग आणि कॉक, दोन्ही ब्राँझचे, एकाच जोडीचे मागवायला लावलेत.

पण खरे आभार त्यापुढच्या कामाचे. भोकाभोवती हातोडीची मूठ आपटत गेलात आणि आवाज बद्द यायला लागला. फायबरच्या दोन थरांमधलं हलकं लाकूड, बाल्सा, भिजून काळं पडलं होतं. नखानं उकरलं तरी लगदा निघत होता. वरून सीलंट फासून मोकळं होणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही चांगलं लाकूड लागेपर्यंत कोरत गेलात, दिवे लावून ते वाळवलंत आणि ती पोकळी घट्ट केलेल्या इपॉक्सी राळेनं भरलीत. आता तिथे पाणी झिरपलं तरी लाकडापर्यंत पोचायला वाट नाही. आपल्या पावसाळी हवेत इपॉक्सीवर मेणचट थर धरतो. तो प्रत्येक वेळी साध्या पाण्यानं धुऊन, घासून मगच पुढचा हात दिलात. मी घाई करत होतो, तुम्ही कान दिला नाहीत. बरं केलंत.

आणि हे सगळं ऐन जून-जुलैत. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे ट्रॉलरवाल्यांची डागडुजी नेमकी तेव्हाच. तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आपल्या गोव्यात दिवाडी बेटावर नौदलाची शिडाची होडी ‘म्हादेई’ बांधली गेली, ती जगाला फेरी घालून आली, त्याचा आम्हाला केवढा अभिमान! पण एखाद्याच्या जुन्या होडीच्या एका भोकासाठी मेस्त मिळवायचा म्हणजे नाकी नऊ येतात. तुम्ही रात्री जेवून परत यायचात, हे मी कुठे बोललो नव्हतो.

होडी पाण्यात गेल्यावर फिटिंगभोवती टिश्यू पेपर फिरवला. कोरडा. दुसऱ्या दिवशी परत फिरवला, तरी कोरडा. कॉकच्या दांड्याला तुम्ही सुतळीनं बांधलेली लाकडी खुंटीही तशीच आहे. पाहुणे विचारतात हे काय, मी सांगतो, पाइप सुटला तर भोकात ठोकायची.

सिंकखालचा कॉकही पितळीच निघाला आहे. ब्राँझची जोडी मागवली आहे, आटे मोजून. पुढच्या मे महिन्यात, ट्रॉलरवाले तुम्हाला धरायच्या आत, दोन दिवस माझ्यासाठी राखून ठेवा.

आपला,
होडीवाला