चौकटींच्या खोलीत काम करणाऱ्या मुलास

बेळगाव

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

हुबळीला व्हीईपीच्या, म्हणजे डोळ्याला दिसलेले मेंदूपर्यंत किती वेळात पोचते ते मोजणाऱ्या चाचणीच्या, खोलीत तुझी नेमणूक झाल्याचे वाचून आनंद झाला. यंत्राविषयी तू पानभर लिहिलेस; समोर बसणाऱ्या रुग्णाविषयी मात्र एक ओळही नाही, आणि माझ्या मते अर्धी चाचणी तिथेच बिघडते.

पडद्यावरच्या काळ्या-पांढऱ्या चौकटी जागा बदलतात तेव्हा सुमारे १०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मागच्या भागात जी लाट उमटते, ती पी-१००. ती जेमतेम काही मायक्रोव्होल्टची असून मेंदूच्या इतर लहरींत बुडालेली असते, म्हणून प्रत्येक डोळ्याच्या शंभरएक प्रतिसादांची सरासरी काढावी लागते. डोळ्याच्या नसेला सूज येऊन तिचे आवरण झिजले की लाट उशिरा येते, हे लंडनच्या हॅलिडे, मॅकडोनाल्ड आणि मुशिन यांनी १९७२ मध्ये दाखवले. पुढे नजर सुधारून रुग्ण पेपर वाचू लागला तरी हा उशीर बहुधा राहतोच, आणि म्हणूनच न्यूरॉलॉजिस्ट आपल्या नोंदीची वाट पाहतात.

परंतु घरी विसरलेल्या चष्म्यानेही लाट लांबते. खानापूरकडून पहाटेच्या बसने आलेली आजी अंधाऱ्या खोलीत बसली की डोळे मिटू लागते. नजर पडद्याच्या मधल्या ठिपक्यावरून ढळली की लाट बसकी होते, आणि अहवाल वाचणाऱ्याला नसेचा आजार दिसतो. तेव्हा स्क्रीनइतकेच तिच्या पापण्यांकडे बघ, आणि ‘नडुविन चुक्की नोड्री’ (मधला ठिपका बघा) हे कन्नड वाक्य तुझ्या तोंडी बसू दे; तिथे नुसत्या मराठीने भागणार नाही. आपल्याकडची माणसे डोक्याला चपचपीत तेल लावून दवाखान्यात येतात, त्यामुळे अपॉइंटमेंट देतानाच केस धुऊन यायला सांग. डोक्याला चिकटवलेल्या इलेक्ट्रोडचा (लाट टिपणाऱ्या चकतीचा) रोध ५ किलोओहमच्या वर असेल तर कितीही रांग असली तरी त्वचा पुन्हा घासून घे. डोळ्यांच्या ओपीडीतून बाहुली मोठी करणारे थेंब घालून कुणाला पाठवले, तर त्यांना दुसऱ्या दिवशी बोलाव. यावरून वरिष्ठ रागावतील, रागावू देत.

आणखी एक. पुस्तकातले आकडे जसेच्या तसे वापरू नकोस, कारण चौकटीचा आकार आणि पडद्याचा उजेड बदलला की लाटेची वेळही बदलते. तुमच्या खोलीत निरोगी माणसांच्या नोंदी घेऊन लाटेच्या वेळेची स्वतःची मर्यादा ठरवली आहे का, हे आधी विचार आणि मला कळव.

तुझे बाबा