सफरचंदातली चांदणी

स्विंडन, सप्टेंबरअखेर

प्रिय सुमे,

स. न. वि. वि.

रविवारी कुठं होतीस, असं तू फोनवर विचारलंस आणि मी "अशीच बाहेर" म्हणून वेळ मारून नेली. दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं ते. आज सावकाश लिहिते.

आमच्या शेजारच्या बाई पेगन, म्हणजे निसर्गाला देव मानणाऱ्या पंथातल्या आहेत, हे तुला मागे बोलले होते. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. यंदाही पितृपक्षात मला घरी येता आलं नाही. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली आणि मी इथं नुसती कॅलेंडरकडे बघत बसलेली. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. म्हणाल्या, "रविवारी एव्हबरीला चल. आमचा शरद संपाताचा, दिवस-रात्र सारखे होतात त्या वेळचा सण आहे."

एव्हबरी इथून मोटारीनं अर्ध्या तासावर. जगातलं सगळ्यात मोठं दगडी वर्तुळ, चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीचं. आणि त्या वर्तुळाच्या आतच गावाचा काही भाग वसलाय! दगडांमधून मेंढ्या चरत असतात, कुणीही जाऊन दगडाला हात लावावा. मागच्या शतकांत लोकांनी आग पेटवून, वर पाणी ओतून कितीतरी दगड फोडले आणि त्यांची घरं बांधली. जे पुरलेले होते, त्यांतले बरेच १९३० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कीलर यांनी उकरून पुन्हा उभे केले. मी एका दगडाला पाठ टेकून उभी राहिले. गार, खरखरीत, शेवाळलेला.

चाळीसएक माणसं होती. मधोमध परडीत गव्हाच्या ओंब्या, सफरचंदं, रानातली काळी बेरी, एक भला मोठा पाव. सगळे गोल उभे राहिले आणि चारी दिशांना बोलावणं केलं: पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी. फिरायचं ते सूर्याच्या गतीनं, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेसारखंच उजवीकडून. माझे पाय आपोआप वळले, सुमे. कुणी सांगावं लागलं नाही.

मग बाईंनी सफरचंद घेतलं आणि आडवं कापलं. आपण नेहमी उभं कापतो ना, म्हणून कधी दिसतच नाही. आडव्या कापात मधोमध पाच पाकळ्यांची चांदणी असते आणि तिच्या घरांत तपकिरी, चकचकीत बिया. ती फोड हातोहात फिरली. पाव फिरला तेव्हा प्रत्येकजण शेजारच्याला म्हणत होता, "तुला कधी उपाशी राहावं न लागो." माझ्या शेजारी एक दाढीवाले आजोबा होते. त्यांनी ते इतक्या मनापासून म्हटलं की मला पावाचा घास गिळवेना.

परत येताना मी विचारलं, हे किती जुनं? बाईंनी काही लपवलं नाही. आठ सणांचं हे वर्षचक्र १९५० च्या दशकात जुळवलं गेलं, जेराल्ड गार्डनर आणि रॉस निकोल्स या अशा पंथांच्या दोन धुरीणांभोवती. 'मेबन' हे या सणाचं नाव तर १९७० च्या दशकात एडन केली या अमेरिकन माणसानं दिलं. वेल्श कथेत तीन रात्रींच्या मेबन नावाच्या बाळाला आईजवळून पळवून नेतात. त्या कथेचा संपाताशी काही संबंध नाही. ड्रुइड लोक, म्हणजे इथल्याच आणखी एका निसर्गपूजक पंथाचे, याच दिवसाला 'अल्बन एल्वेद' म्हणतात. क्षणभर मला वाईट वाटलं, खोटं सांगणार नाही. पण घरी येईपर्यंत ते ओसरलं. नाव नवं असलं तरी कापणी खरी आहे, सूर्य खरा आहे. या दिवसांत इथं रोज जवळजवळ चार मिनिटं उजेड कमी होतो. तुमच्याकडे डिसेंबरातही अकरा तासांचा दिवस असतो, इथं आठसुद्धा धड भरत नाहीत. त्या अंधारात शिरण्याआधी माणसांनी एकमेकांना पाव द्यावा, याला जुन्याचा दाखला कशाला हवा? 

एव्हबरीला सणाच्या शेवटी प्रत्येकानं या वर्षी काय हाती आलं आणि काय सोडायचंय ते बोलायचं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी मराठीतच बोलले. बाबांचं नाव घेतलं. ते घटासाठी शेतातली काळी माती चाळून आणायचे, ते सांगितलं. देव्हाऱ्याच्या अंधारात वाढलेले ते पिवळेधमक कोंब दसऱ्याला टोपीत खोवून बाहेर पडायचे, तेही. कुणालाही शब्द कळला नसणार. सगळे थांबून ऐकत होते. दाढीवाल्या आजोबांनी माझा हात धरून ठेवला होता.

यंदा मी घट बसवणार आहे, इथं पहिल्यांदाच. गहू, ज्वारी, मूग, हरभरा, मका जमलंय, बाजरी लेस्टरहून येतेय. माती शेजारच्या बाई त्यांच्या बागेतली देताहेत, आणि रोज बघायला येणार म्हणताहेत. माळ मला नीट बांधता येत नाही, ती काकूंना विचारून कळव. आणि पाणी रोज किती शिंपडायचं तेही, नाहीतर धान्य कुजेल.

तुझीच,
माई