बॅलन्स्ड केबलच्या सदोष जोडांबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: हेडफोनसाठी घेतलेली ४.४ मिमी बॅलन्स्ड केबल दोनदा सदोष निघाल्याबाबत आणि तिचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीचे ३२ ओहमचे प्लेनर हेडफोन मी दीड वर्षापासून वापरतो आहे. त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. हे आधीच लिहितो, कारण मागच्या दोन्ही ईमेलना उत्तर देताना आपल्या विभागाने मलाच माझ्या हेडफोनची थोरवी ऐकवली. तक्रार आहे ती आपण वेगळी विकता त्या बॅलन्स्ड केबलची (म्हणजे प्रत्येक कानाला धन आणि ऋण तारांची स्वतंत्र जोडी देणारी), आणि नेमके सांगायचे तर तिच्या टोकांची.

पहिली केबल लावली तेव्हा आवाज एकदम ऐसपैस झाला, अगदी जाहिरातीत लिहिला होता तसा. दोन दिवस मी खूश होतो, हे कबूल करायला आता लाज वाटते. तिसऱ्या दिवशी एक जुने मोनो ध्वनिमुद्रण लावले. मोनोमध्ये दोन्ही कानांना एकच आवाज जातो, त्यामुळे गाणारा बरोबर मधोमध बसायला हवा. इथे तो कुठेच नव्हता. शब्द कळत होते, तंबोरा वाजत होता, पण गवयाला बसायला जागाच नव्हती. डग्ग्याची घुमार डोक्याच्या मागे कुठेतरी पसरली होती. हेडफोनसोबत आलेली साधी केबल लावली आणि गवई पुन्हा आपल्या जागी आला.

स्पीकरच्या तारा एकदा तरी उलट्या जोडलेल्या माणसाला हे लक्षण ओळखीचे असते: एका बाजूची पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण तारांची जोडणी, उलटी. स्पीकरमध्ये असे झाले की खर्ज हवेतच कापला जातो, म्हणून चूक लगेच पकडली जाते. हेडफोनमध्ये दोन्ही कानांची हवा वेगळी असते. तिथे खर्ज कापला जात नाही, नुसता जागा सोडतो, आणि माझ्यासारखा माणूस दोन दिवस त्यालाच ‘रुंद आवाज’ समजून बसतो.

मग मल्टिमीटर घेतला. ४.४ मिमीच्या प्लगवर पाच संपर्क असतात. टोकापासून डावा धन, डावा ऋण, उजवा धन, उजवा ऋण आणि शेवटी ग्राउंड. मूळ केबलमध्ये दोन्ही बाजूंचा धन इयरकपच्या (कानावरच्या वाटीच्या) प्लगच्या टोकाला जातो. नव्या केबलमध्ये डावी बाजू तशीच होती, उजवीकडे मात्र धन आणि ऋण यांची अदलाबदल झालेली होती. म्हणजे सोल्डर करतानाच चूक झाली आणि खोक्यात भरण्याआधी कोणी तपासले नाही. सेनहायझरच्या एचडी ६०० ला १९९७ पासून इयरकपकडे दोन पिनांचा जोड आहे, एक पिन जाड आणि एक बारीक, त्यामुळे तो उलटा खुपसताच येत नाही. आपल्याकडे ग्राहकाला उलटे लावता येत नाही हे खरे, पण ते काम कारखान्यानेच करून ठेवले होते.

यावर आपले उत्तर आले की केबलला २०० तासांचे ‘बर्न-इन’ द्यावे, म्हणजे ती तेवढा वेळ वाजवून मुरवावी, मग आवाज ‘स्थिरावेल’. दोनशे तास वाजवल्याने तारांचे सोल्डर एका टोकावरून उठून दुसऱ्या टोकावर जाऊन बसत नाही.

बऱ्याच पत्रव्यवहारानंतर दुसरी केबल आली. तिची पोलॅरिटी बरोबर आहे. मात्र इयरकपमधला जॅक खोलगट आहे आणि नव्या प्लगची चकचकीत धातूची मूठ त्या खाचेपेक्षा जाड आहे. मूठ काठावरच अडते, प्लग पूर्ण आत जात नाही. मान वळवली की डावीकडे खरखर होते. मल्टिमीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध वजा केला तरी डाव्या जोडाचा रोध प्लग फिरवेल तसा जवळजवळ शून्यापासून २ ओहमपर्यंत हलतो. ३२ ओहमच्या ड्रायव्हरपुढे (हेडफोनमधल्या आवाज काढणाऱ्या भागापुढे) २ ओहम आले की त्या कानाची पातळी सुमारे अर्धा डेसिबल उतरते. ३०० ओहमच्या हेडफोनवर एवढा रोध कळलाही नसता. इथे गाणारा किंचित उजवीकडे सरकतो, मग खरखरतो, मग परत येतो.

ही तक्रार ‘वापरामुळे झालेली झीज’ म्हणून वॉरंटीबाहेर ठरवण्यात आली. जॅक झिजला असता तर मूळ केबलही सैल बसली असती. ती आजही टक् आवाज करून घट्ट बसते.

आणखी एक सांगतो, विचारले नसले तरी. नवा प्लग चिकटपट्टीने दाबून बसवला आणि मूळ व नव्या अशा दोन्ही केबलींवर १०० हर्ट्‌झचा सूर वाजवून व्होल्टेज सारखे केले. (बॅलन्स्ड आउटपुट दुप्पट व्होल्टेज, म्हणजे ६ डेसिबल जास्त देऊ शकते, पातळी जुळवली नाही तर मोठा आवाजच चांगला वाटतो.) मग भावाला माझ्या नकळत केबली बदलायला सांगितले. बारा वेळांपैकी सात वेळा मी बरोबर ओळखले, म्हणजे नाणे उडवले असते तरी तेवढेच. माहितीपत्रकातल्या चांदीच्या मुलाम्याचे आणि शुद्ध तांब्याचे जे काही असेल ते असो. जोड नीट असला तर मला फरक ऐकू आला नाही, आणि जोड बिघडला तेव्हा दोन्ही वेळा ऐकू आला.

मला तिसरी केबल नको आहे. केबलच्या खरेदीची पूर्ण रक्कम परत करावी आणि दुसरी केबल नेण्याचा खर्च आपण करावा. ‘वापरामुळे झीज’ हा शेरा माझ्या नोंदीतून काढावा, नाहीतर उद्या हेडफोनचीच वॉरंटी नाकारताना तो पुढे केला जाईल. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, आणि ते ज्याने हातात केबल धरून मोजली आहे अशा व्यक्तीचे असावे.

आपला,
एक ग्राहक

सोबत: खरेदीची पावती, दोन्ही केबलींच्या मोजणीचे तक्ते, जॅकच्या काठावर अडलेल्या प्लगची तीन छायाचित्रे, आपली दोन्ही उत्तरे