मानशीवरच्या काकांस, खाजनातल्या कुळांकडून

काका, साष्टांग नमस्कार.

शापोरा नदीकाठचा आपला बांध, खाजनाला म्हणजे नदीकाठच्या सखल खारजमिनीला भरतीपासून राखणारा, पावसाळा काढून उभा आहे. मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराचे, राखणदार म्हणून दिलेली सत्काराची शाल तुम्ही परत पाठवलीत, म्हणून हे उघडं पत्र.

खांड, म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड, बुजवायची ती भांगात, हे तुम्ही ठणकावलंत म्हणून निभावलं. भांग म्हणजे अष्टमी-नवमीचा सुमार, तेव्हा भरतीला जोर नसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओला चिखल बघता बघता वाहून जातो. चिकण माती खाजनातलीच, तीत पेंढा, वीतभर जाडीचा थर पायांनी तुडवायचा, तो जरा सुकला की वर दुसरा. नदीच्या अंगाला चिरे. ट्रकने येणारी तांबडी माती चिकणीला धरत नाही, लाटेने सुटते. सिमेंटचा आग्रह धरणारेही होतेच. खालची चिकण दबत जाते, भिंत तिच्याबरोबर दबत नाही, आणि मधल्या फटीतून पाणी वाट काढतं.

कुर्ल्यांच्या (खेकड्यांच्या) बिळांबाबतचा तुमचा हट्ट तर सोळा आणे खरा. तोंडाशी गोळा कोंबला की वरून छान दिसतं, आतली पोकळी तशीच राहते. बीळ शेवटपर्यंत उकरून ठोकून भरलं, तेव्हा कुठे गळती थांबली.

मानशीच्या फळ्या वरून टांगलेल्या. भरती त्यांना चौकटीवर दाबून मिटवते, ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं. आपोआप चालतं म्हणतात, पण चौकटीत एक बाटली अडकली तरी रात्रभर खारं पाणी शेतात. ती काढायला ओहोटीला तुम्ही हजर! शिवाय मासळीची पावणी, म्हणजे मानशीवर मासे धरायच्या हक्काचा लिलाव, घेणाऱ्याला भरतीतही दार उघडं हवं असतं, आत मासळी जास्त येते ना. भरतीत फळी उचलायची नाही, ही अट तुम्ही पावणीच्या कागदातच घालून घेतलीत. एरवी भांडण दरवर्षीचं.

कोरगूट हा आपला खाजनातला भात खार सोसतो, पण बेताचाच. पावसाआधी मातीचे उंचवटे करायचे, पहिल्या सरींनी मीठ धुऊन गेलं की मोड आलेलं बी फेकायचं. बांध गळका असेल तर धुतलेलं मीठ पुढच्या भरतीला परत हजर.

उकडे तांदूळ घरी पोचवले आहेत. डावीकडची चौकट खालून कुजल्याचं तुम्ही दाखवलंत. लाकूड कापायला दिलंय, येत्या भांगात बसवू. बांधावर या, पण घमेलं उचलायचं नाही.

आपली,
खाजनातली कुळे, पेडणे