अबोला आणि निळे बटण

मा. संपादक,
स. न.

ज्येष्ठांनी समाजमाध्यमांवर यावे, हा कालचा लेख वाचला. लेखिकेचा उत्साह दांडगा आहे. एकटेपणा पळतो, जुने मित्र सापडतात, फेसबुकवर तर ५,००० पर्यंत मित्र करता येतात, वगैरे. पाच हजार! माझ्या डायरीत मोजून दोनशे नंबर निघतील, त्यातले निम्मे गॅस, वीज आणि दवाखाना.

आलो हो मी ऑनलाइन. तीन आठवडे झाले. नातीने खाते काढून दिले. साइटचे नाव घेत नाही, सगळ्या एकाच माळेचे मणी. पहिल्याच दिवशी विचारणा झाली, फोनमधले नंबर जोडू का? मी ‘हो’ म्हटले. इतक्या आदबीने हल्ली विचारतो कोण? लगेच एकाखाली एक चेहरे आले आणि प्रत्येकाशेजारी एक निळे बटण. मला वाटले, ते दाबले की फोटो मोठा दिसतो. चष्मा कपाळावर होता. फोटो मोठा होईना म्हणून पुढचे दाबले, मग त्याच्या पुढचे. जिथे फोटोच नव्हता, नुसते राखाडी डोके होते, तिथेही दाबले.

संध्याकाळी नात आली तेव्हा कळले, मी एक्केचाळीस जणांना मैत्रीची विनंती धाडली होती. त्यात दातांचे डॉक्टर होते, जुने घरमालक होते आणि एक राखाडी डोके माझ्या चुलतभावाचे होते. आमचा अकरा वर्षे अबोला आहे. कारण लिहीत नाही, लिहिले तरी आपण कापणार. मागच्या पत्रातली तक्रार कापून ‘आपले वृत्तपत्र मी आवडीने वाचतो’ एवढेच छापले होते, ते मी विसरलेलो नाही. ट्विटरनेसुद्धा २०१७ मध्ये १४० अक्षरांची मर्यादा २८० केली. आपली मात्र आखडतच चालली आहे.

विनंती मागे घेता येते म्हणे, पण समोरच्याने मान्य करायच्या आत. याने पंधरा मिनिटांत केली! अकरा वर्षांत एक फोन नाही. (मीही केला नाही, ते सोडा.) आणि यंत्राने लगेच जाहीर केले, आता तुम्ही मित्र आहात. अरे, तू कोण सांगणारा? नात म्हणते, ‘‘काढून टाका आजोबा, त्यांना तसं कळवत नाहीत.’’ म्हणजे जुळले की दवंडी आणि तुटले की चिडीचूप. ही कुठली रीत?

मुलगा ऑर्कुटवर होता तेव्हा मी असाच दम धरला होता. ते २०१४ मध्ये बंदच पडले. याही वेळी थांबायला हवे होते.

परवा भावाने माझ्या एकुलत्या एक फोटोला अंगठा दिला आणि खाली लिहिले, ‘वाळलास.’ बस, एक शब्द, पूर्णविरामासकट. मी तीनदा उत्तर टाइप केले, तीनदा पुसले. तिथे लिहायचे तर ते दातांचे डॉक्टरही वाचणार.

तो आपलेच वृत्तपत्र घेतो, पत्रांचे सदर तर सगळ्यात आधी वाचतो. तेव्हा वरचे हवे ते कापा, लेखिकेबद्दलचेही, पण ही ओळ तेवढी ठेवा : तब्येत ठीक आहे, वजन मुद्दाम कमी केले आहे.

— एक ज्येष्ठ वाचक